राधाकिसनचं काँक्रीट आणि कचरूभाऊची मेंढरं

हसनाबादचा राधाकिसन कामावर आला की काँक्रीटच्या मिक्सरच्या आधी त्याचं तोंड चालू व्हायचं. खडी धुळकट आली तर तो खडीला बोलायचा, रोलर अडून बसला तर रोलरची समजूत काढायचा. बायको मनीषा त्याच्याबरोबरच कामावर असायची आणि माणसांना कामाला लावायचं तीच बघायची. ती म्हणायची, "ह्यांचं ऐकत बसू नका, हात चालवा!"

असा हा बडबड्या माणूस थोरल्या भावाचं, कचरूचं नाव निघालं की मात्र गप्प व्हायचा. बाप गेल्यावर दोघा भावांत मेंढरं वाटली गेली. राधाकिसननं आपली वाटणी विकून मिक्सर घेतला. ते कचरूच्या जिव्हारी लागलं. "बापाची मेंढरं विकून लोखंडाचा डबा आणला," एवढं बोलून तो आपल्या मेंढरांची खांड घेऊन निघाला. त्यानंतर त्यानं धाकट्याशी शब्द काढला नाही. लग्नाकार्यात दोघं समोरासमोर आले तरी दोन बाजूंना बघायचे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला राधाकिसनला भोकरदन रस्त्यावरच्या अण्णासाहेबांच्या मंगल कार्यालयाच्या पार्किंगचं काम मिळालं. मागच्या अवकाळी पावसात तिथं नवरदेवाचीच गाडी चिखलात रुतली होती. वऱ्हाडानं ती ढकलत मांडवापर्यंत आणली, आणि नवरदेव गुडघाभर चिखलानं माखूनच बोहल्यावर चढला. तेव्हापासून अण्णासाहेबांनी मनावर घेतलं होतं.

"ट्रक फिरला तरी तडा जाऊ देऊ नको, राधाकिसन," ते म्हणाले.

"बिलकुल न्हाई जाणार, अण्णा. फकस्त मला जल्दी करा म्हणू नका."

त्यानं काळी माती उकरून काढली, मुरूम भरला, पाणी मारून रोलर फिरवला. पावसाचं पाणी नालीकडं जाईल असा उतार धरला. सळईची जाळी टाकली आणि पट्ट्यापट्ट्यानं काँक्रीट ओतायला घेतलं. वर खराट्यानं रेघा ओढल्या, म्हणजे ओल्यात चाक घसरायला नको.

एका दुपारी शेवटच्या पट्ट्यावर मनीषा खराटा फिरवत होती. तेवढ्यात शेजारच्या वावरात कुत्री भुंकली आणि कुंपणाच्या खिंडारातून मेंढरांचा लोंढाच आत घुसला. गडी घमेली टाकून ओरडायला लागले. आरडाओरड्यानं मेंढरं आणखीच बिथरली आणि ओल्या काँक्रीटवर गोल गोल फिरू लागली.

"ओरडू नका रे! गप बसा समदे!" राधाकिसन म्हणाला. मग तो पट्ट्याच्या कडेला उभा राहिला, जीभ टाळूला लावली आणि बाप घालायचा तशी साद घातली, "ट्रर्रर्र हेऽऽ, ट्रर्रर्र हेऽऽ!"

कैक वर्षांत ही साद त्याच्या तोंडून निघाली नव्हती. पुढची काळी मेंढी थबकली. तिनं कान टवकारले आणि सरळ त्याच्या दिशेनं चालत आली. तिच्यामागं बाकीची रांगेनं बाहेर पडली आणि त्याच्या पायांशी येऊन उभी राहिली.

खिंडारात कचरू काठी धरून उभा होता. धापा टाकत होता. "मला वाटलं," तो म्हणाला, "आपले बापूच हाक मारून राह्यले."

राधाकिसननं वाकून काळ्या मेंढीचे खूर बघितले. त्यानं पाण्याचा पाइप उचलला. "दादा, आधी ह्यांचे पाय धुऊ. सिमेंटानं खूर भाजतात."

दोघं भाऊ मांडी घालून बसले. कचरूनं एकेक मेंढरू धरायचं आणि राधाकिसननं खुरांमधला गाळ बोटानं काढून पाणी मारायचं. तेवढ्या वेळात दोघांत मेंढरांपलीकडं बोलणं झालं नाही. पण "ही लंगडून राह्यली का?", "हिला दोन पिल्लं झालती," असं पुष्कळ झालं.

मेंढरं आवरल्यावर एक गडी म्हणाला, "मालक, वरून सिमेंटाचा माल चोपडू. दिसनार बी न्हाई."

"सालभरात सोलून निघंल. काढा समदं." राधाकिसननं स्वतः फावडं घेतलं आणि खराब झालेला पट्टा उपसायला लागला. कचरूनं डोक्याचं मुंडासं घट्ट बांधलं, मनीषाच्या हातातलं घमेलं घेतलं आणि गड्यांच्या रांगेत उभा राहिला. दिवस मावळायच्या आत पट्टा नव्यानं ओतून झाला.

दुसऱ्या दिवशी काँक्रीटवर मातीचे बांध घालून पाणी साठवलं, तेव्हा कचरू हसला. "हे तर वाफेच की रे! काय पेरून राह्यला?"

"पाणी पिऊन पिऊन पक्कं होतं ते, दादा. तवर वर चाक न्हाई चढू द्यायचं."

कचरूचा मुक्काम शेजारच्या वावरातच होता. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवली होती. त्यामुळं काँक्रीटच्या राखणीचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं आणि फाटकाशी बाज टाकली. दोन-तीन दिवसांनी अण्णासाहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि गाडी आत वळवायला लागले. कचरूनं काठी आडवी धरली.

"अरे, माझंच कार्यालय आहे हे!"

"आसंल. माझा भाऊ म्हनला, चाक न्हाई चढू द्यायचं."

अण्णासाहेबांनी समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी पाहुण्यांसकट खाली उतरून उन्हात चालत गेले. संध्याकाळी त्यांनी राधाकिसनला फोन लावला. "तुझा वॉचमन कुठून आणलास रे? मला कायमचा पाहिजे तो." मनीषा इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. "वॉचमन" म्हणजे काय ते कळल्यावर कचरूही हसला.

काँक्रीट पक्कं झाल्यावर बांध फोडून, धुऊन काढलेल्या पार्किंगवर पहिल्या लग्नाच्या गाड्या लागल्या. बँडवाल्यांचा टेम्पो, पाण्याचा टँकर, वऱ्हाडाची मोठी बस, सगळं आलं आणि कोरड्या चाकांनी गेलं. अण्णासाहेबांनी दोघा भावांना हाताला धरून पंगतीत बसवलं आणि स्वतः बुंदी वाढली.

"आता कुठलं काम?" जेवता जेवता कचरूनं विचारलं. धाकट्याच्या कामाची चौकशी त्यानं पहिल्यांदाच केली होती.

"अंकुशनगरला. पेट्रोल पंपापुढं गाड्या उभ्या कराया मोठी जागा करायची हाय. दिवाळीनंतर."

कचरूनं घास गिळला. "बराबर हाय. दिवाळीनंतर आमची खांड तिकडंच उतरती, उसाच्या हिरव्या वाढ्यावर चराया. तुझ्या कामाजवळच मुक्काम टाकतो. मनीषाला म्हनावं, सांजची भाकर आमच्याकडं."

"मी इथंच बसलेय, भाऊजी," समोरच्या पंगतीतून मनीषा म्हणाली, "आणि ऐकलंय मी."