चाकापुढचं लिंबू
दसऱ्याला गोडादऱ्यातल्या घरापुढे पप्पांच्या जुन्या गाडीची पूजा केली, चाकांपुढे लिंबं ठेवली आणि गाडी चालूच होईना. चिडून मी बॅटरीची वायर काढून खाली शिरलो, स्टार्टर खोलला, साफ करून परत बसवला.

हँडब्रेक धरत नाही म्हणून पप्पा गाडी कायम गिअरमध्येच ठेवतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मूर्खासारखा खालूनच ओरडलो, “बॅटरी जोडा!”

त्यांनी जोडली, आत बसले आणि उत्साहात क्लच न दाबताच चावी फिरवली.

गाडीनं उडी मारली. माझ्या कोपराशेजारचं लिंबू फुटून रस डोळ्यांत उडाला. चाक बोटभर अंतरावर थांबलं.

वरून पप्पा खुशीत म्हणाले, “स्टार्टर झाला बघ चालू! अजून एकदा मारू?”