मास्तरांची वाळूची बायको

मंगळवार, ३ मार्च. सकाळी सव्वासातला छताचा पोपडा चहात पडला. चहा ओतून दुसरा केला. सिलिंडर बदलला. वर ‘धप्प’ अकरा वेळा, काल नऊ. दुपारी वर जाऊन आले.

वर गेले ती भांडायलाच. पोपडा कागदात गुंडाळून बरोबर घेतला होता, पुरावा म्हणून.

माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, टेलरमास्तर राहतात. वय एकसष्ट, अंगकाठी गळ्यातल्या मोजपट्टीसारखी. चाळीस वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात शर्ट-पँटी शिवल्या, पण गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचानेही कधी फसवलं नाही. जड उचलण्याशी मात्र त्यांचा संबंध नव्हता. शिवणयंत्रसुद्धा जागेवरून हलवायचं तर ते आधी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून विचार करत. अशा माणसाने गेल्या वर्षी वजनं उचलायला घेतली ती बायकोपायी. तिला आम्ही मास्तरीणबाई म्हणतो.

मास्तरीणबाईंचे दोन्ही गुडघे गेले आहेत आणि इमारतीला लिफ्ट नाही. दोन वर्षांत त्या खाली उतरलेल्या नाहीत. समोरच्या इमारतीत, तिसऱ्याच मजल्यावर, त्यांची धाकटी बहीण राहते. तिचेही गुडघे तसलेच, घराण्याची देणगी. रोज सकाळी दोघी आपापल्या गॅलरीत येतात आणि रस्त्यापलीकडे ओरडून एकमेकींची विचारपूस करतात. धाकटीचं पोट साफ झालं की नाही, हे आमच्या सगळ्या गल्लीला नऊपर्यंत कळतं.

मुलाचं घर बांधून झालं की धाकटी कायमची त्याच्या गावी जाणार, हे वर्षापूर्वीच ठरलं होतं. आता निघायचा दिवस आला होता, येता रविवार. त्याआधी तिच्याशेजारी एकदा टेकून बसायचं, एवढीच मास्तरीणबाईंची इच्छा. चौघांना बोलावून खुर्चीतून उतरवू, असं मी पूर्वी सुचवलं होतं.

“मी काय कपाट आहे का?” त्या म्हणाल्या. “उतरवायचं तर नवऱ्याने उतरवावं. नाहीतर मी इथे बरी.”

मास्तरांचं एक गिऱ्हाईक व्यायामशाळा चालवतं. त्याने सल्ला दिला तो चांगलाच होता. हलक्यापासून सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवा, वजन अंगाशी धरा, पाठ सरळ, जोर मांड्यांचा. आणि लोखंडाच्या मागे लागू नका. माणूस कांबीसारखा ताठ नसतो. वाळूची पिशवी शिवा, वहिनींच्या वजनाएवढी.

इथेच घोडं अडलं. मास्तरीणबाई वजनकाट्यावर चढेनात. “बटाटे आहे का मी?”

पण मास्तरांच्या वहीत बायकोची तीस वर्षांची मापं होती. त्यांनी जाड कॅनव्हास बेतला आणि बायको शिवली. छाती, कंबर, दंड, पोटरी, सगळं इंचाला इंच. हात-पाय वेगळे, बटणांनी जोडायचे. त्यात वाळू ठासून भरली. पहिल्या महिन्यात एक हात, मग दोन, मग एक पाय, असं करत मास्तर धडाकडे पोचले आणि तिथे अडकले.

हे सगळं मला त्या मंगळवारी कळलं. दार उघडंच होतं. मधल्या खोलीत मास्तर त्या प्रकाराला मिठी मारून लाल झाले होते. ते जमिनीपासून वीतभर उचललं गेलं आणि ‘धप्प’. मास्तरीणबाई खुर्चीत बसून आकडा मोजत होत्या.

“या काकू,” त्या म्हणाल्या. “बसा. ही माझी सवत.”

“पाय कुठे आहेत हिचे?”

“गादीखाली. पायांसकट हलतच नाही हो,” मास्तर कपाळ पुसत म्हणाले. “वर्ष झालं, काकू. बायको मला कंबरेपर्यंतच उचलता येते.”

“आणि बाकीची काय पोस्टाने पाठवणार?” मास्तरीणबाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. समोरच्या गॅलरीत बांधलेली खोकी दिसत होती.

पोपडा माझ्या हातातच राहिला. मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर दोन सारख्या बाटल्या आणून वर्गात फिरवायच्या, एक वाळूची, एक पाण्याची. साठ वर्षांनी मला त्या बाटल्यांचा उपयोग झाला.

“मास्तर, उरलेली वाळू आहे? एका बादलीत ती भरा, दुसरीत तेवढंच पाणी.”

त्यांनी भरलं. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी घेतली आणि वाळूच्या बाजूला कलले.

“माणूस पाण्याच्या बादलीसारखा असतो,” मी म्हटलं. “तुम्ही माप बरोबर घेतलंत. कापड चुकलं.”

मास्तरांनी बादल्या खाली ठेवल्या. “म्हणजे मी वर्षभर दीड बायका उचलायला बघतोय?”

“दीड?” मास्तरीणबाई ताठ झाल्या. “वरची अर्धी कोण?”

मास्तरांनी लगेच बायकोच उचलून बघितली. जोर लावला दीडपटीचा, मास्तरीणबाई अशा झपकन वर गेल्या की टांगलेल्या दिव्याला डोकं आपटलं. “अहो!” एवढंच त्या म्हणाल्या. मग हवेतल्या हवेत, बऱ्याच प्रेमाने, “खाली ठेवू नका इतक्यात.”

रविवारी सकाळी मास्तरांनी त्यांना पाठीवर घेतलं, स्वतः शिवलेल्या पट्ट्यात. चोपन्न पायऱ्या. मी पुढे खुर्ची घेऊन. मागून सूचना चालूच होत्या, “पाठ सरळ! श्वास घ्या! कठड्याला कोळिष्टक आहे, काकू.” खाली पोचलो. टेम्पो भरून उभा होता, पण धाकटी कुठेच नव्हती. मुलाने चार हमाल आणले होते आणि ती वरून ओरडत होती, “मी काय कपाट आहे का?”

मास्तरांनी बायकोला खुर्चीत ठेवलं, कपाळ पुसलं, समोरचा जिना चढले आणि मेहुणीला घेऊन खाली आले. हमालांनी वाट करून दिली.

दोघी बहिणी फुटपाथवर खुर्चीला खुर्ची लावून तासभर बसल्या. हातात हात होते, गुडघ्याला गुडघा लागत होता, पण बोलल्या त्या रस्त्यापलीकडे ओरडावं तशाच. दोन वर्षांची सवय. धाकटीचं पोट त्या दिवशी साफ झालेलं नव्हतं.

टेम्पो वळला तेव्हा मास्तरीणबाई प्रथमच हळू बोलल्या. “चला, घरी न्या.”

मास्तरांचा चेहरा उतरला. सल्ला सगळा उचलण्याचा होता. चढण्याचा सराव केलाच नव्हता. तरी पट्टा आवळला. पहिला मजला झाला, दुसरा झाला, आणि माझ्या दारासमोर त्यांच्या मांड्या थरथरायला लागल्या. मी कडी काढली.

रविवार, ८ मार्च. मास्तरीणबाईंसाठी पुढच्या खोलीत गादी घातली. उद्यापासून दूध अर्धा लिटर जास्त सांगितलं.