विशाखाताईंचं भेव

फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी गॅसवर दूध ठेवून उभी होते. पलीकडून अस्मिता, विशाखाताईंची मुलगी, एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली." मी "बरं" म्हणाले. असं काय म्हणाले, ते अजून कळत नाही... दूध उतू गेलं, शेगडी विझली, वास घरभर पसरला आणि मी हातात फोन धरून तशीच उभी. शेवटी यजमानांनी धावत येऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. रडू नंतर आलं, अमरावतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूर मागे पडल्यावर. त्याआधी आली ती भीती. गर्दीत आईचा हात सुटलेल्या लहान मुलाला वाटते, अगदी तशी. आता काही आठवडे झाले. रडू ओसरलं, पण भीती आहे तिथेच आहे, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

विशाखा इंगळे हे नाव वऱ्हाडातल्या नाटकवेड्या माणसांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. भातकुलीजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म. वडील शाळामास्तर होते, आई विहारात वंदना घ्यायची आणि गाणी रचून म्हणायची. अमरावतीला कॉलेजात शिकताना स्नेहसंमेलनात पहिलं नाटक केलं आणि त्यानंतर आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. अभिनयाची मोठमोठी बक्षिसं मिळाली, पुढे दिग्दर्शन, अध्यापन, स्वतःची नाट्यसंस्था. वऱ्हाडी बोलीतली नाटकं घेऊन त्या भोपाळला गेल्या, दिल्लीला गेल्या. पुण्यात एका प्रयोगानंतर एक गृहस्थ आत येऊन म्हणाले, "नाटक उत्तम, पण भाषा थोडी सुधारून घेतली असती तर..." ताई चेहऱ्यावरचा रंग पुसत म्हणाल्या, "भाषा सुधारली तं ही माणसं कोठून आणू, भाऊ?" पुढे अकोल्याच्या विभागीय कलाकेंद्राच्या त्या संचालक झाल्या. त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या बाई. खेड्यापाड्यातल्या दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, मंडळींना त्यांनी मुख्य रंगमंचावर आणलं, तेही सन्मानाने, मानधन हातात देऊन. आल्या आल्या पहिलं काम केलं ते बायकांच्या मेकअपच्या खोलीला आतून कडी बसवण्याचं. इतकी वर्षं तिथे कडी नव्हती, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी त्यांच्या नाटकांत गायची. शाळेत संगीत शिकवणारी मी, पेटीवर बसून परिपाठाची गाणी म्हणणारी. त्यांनी मला एका स्नेहसंमेलनात ऐकलं आणि सरळ तालमीला बोलावलं. पहिला प्रयोग मूर्तिजापूरला होता. त्यांचा प्रवेश जवळ आला आणि अंधाऱ्या विंगेत कुणीतरी माझं मनगट गच्च धरलं. बर्फासारखा हात. मी दचकून पाहिलं तर ताई! एवढ्या नावाजलेल्या अभिनेत्री, आणि ओठ पांढरे पडलेले. मी कुजबुजले, "ताई, बरं नाही का? थांबवू का प्रयोग?" त्या म्हणाल्या, "थांबवते काहून? भेव लागते मले. दर वक्ती लागते." आणि माझा हात सोडून उजेडात गेल्या. पुढच्या क्षणी सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं होतं.

आमच्या क्षेत्रात भीती कुणी बोलून दाखवत नाही. पोट बिघडलं म्हणतील, घसा बसला म्हणतील, पण घाबरलो म्हणणार नाहीत. ताई मात्र सरळ म्हणायच्या. प्रयोगाआधी म्हणायच्या, विमानात बसताना म्हणायच्या, मंत्र्यांच्या बैठकीला जातानाही म्हणायच्या. लोक पाठीमागे हसायचे. मलाही सुरुवातीला ते कसंतरीच वाटायचं. मग हळूहळू कळलं की ज्या माणसाजवळ आपण भ्यालोय असं सांगता येतं, त्याच्याजवळ आपली छाती जरा मोकळी होते. त्यांच्या संस्थेतल्या कितीतरी मुली त्या एका गोष्टीसाठी टिकल्या असाव्यात.

आता त्या संध्याकाळबद्दल लिहिते.

कलाकेंद्राचा महोत्सव होता, अकोल्यात, मे महिन्यात. दिवसभर अंगाची लाही करणारं ऊन, म्हणून कार्यक्रम दिवस कलल्यावर मोकळ्या मैदानात. शेवटच्या दिवशी आमचंच नाटक होतं. मंडप गच्च भरलेला, पुढच्या रांगेत मोठे पाहुणे, त्यांच्यामागे बायका, मांडीवर लेकरं. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना दिव्यांचे उंच लोखंडी मनोरे उभे केले होते. डावीकडच्या मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी मी, पेटीवाले आणि तबलजी बसलो होतो. नाटक अर्ध्याच्या पुढे गेलं असेल आणि वारा सुटला. आधी मंडपाच्या झालरी फडफडल्या, मग छताचं कापड पोटासारखं फुगायला लागलं. तोंडात माती आली. मी गात होते, आणि गाता गाता माझ्या डोक्यावर एक आवाज झाला... करर... जुना पाळणा हलवल्यासारखा. मी वर पाहिलं नाही. पाहायचं धाडसच झालं नाही. गळा मात्र आपला गात होता. तबलजी माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. पुन्हा तो आवाज आला.

तेवढ्यात ताई विंगेतून, वर मनोऱ्याकडे पाहत, चालत रंगमंचाच्या मधोमध आल्या. त्या नाटकात त्यांची भूमिका नव्हती, तरीही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. ताईंनी माइक हातात घेतला. हात इतका थरथरत होता की कर्ण्यांतून खरखर ऐकू येत होती.

"नाटक इथंच थांबलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यायनं उठा. मैदानाच्या त्या बाजूले, मोकळ्यात जा. आधी लेकरंवाल्या बाया. पळायचं नाही. मले भेव लागून राह्यलं, म्हणून सांगून राह्यली. तुमी सगळे गेल्याबिगर मी इथून हालत नाही."

काही जण चक्क हसले. संचालक मॅडम वाऱ्याला भ्याल्या! महोत्सव समितीतले एक सदस्य धावत वर आले. माइक चालूच होता, त्यामुळे सगळं सगळ्यांना ऐकू आलं. "मॅडम, पाहुणे बसलेत. थोडंच तर नाटक राहिलंय. वाऱ्याचं काय घेऊन बसलात, जाईल आत्ता!"

"पाहुण्यायले बी उठवा," ताई म्हणाल्या.

"अहो, काही होत नाही!"

"होत नसन तं चांगलंच आहे. उठवा."

लोक उठले. कुरकुरत, खुर्च्या ढकलत, पण उठले. बायका लेकरांना कडेवर घेऊन पदर तोंडाला लावून चालल्या. पाहुणे गाडीत बसून निघून गेले. पेटी-तबला तिथेच टाकून आम्ही निघालो आणि मी मागे वळून पाहिलं, तर रिकाम्या मंडपात ताई एकट्या, त्या दोन मनोऱ्यांच्या मधे, माइक धरून उभ्या होत्या. वारा असा घोंगावत होता की त्यांची साडी अंगाला चिकटली होती. त्या क्षणाची भीती मला आजही झोपेत गाठते. मी ओरडले, "ताई, या आता!" शेवटचा माणूस बाहेर पडलेला पाहूनच त्या आल्या.

आणि मग वारा थांबला. थेंबसुद्धा पडला नाही. धूळ खाली बसली, आभाळ स्वच्छ झालं. मनोरा उभाच्या उभा. साधा दिवाही फुटला नव्हता. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली, हशा पिकला, आणि लोक आपापल्या मोटरसायकलींकडे वळले.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात चेष्टेचा मजकूर आला. समितीच्या बैठकीत पाहुण्यांच्या अपमानाचा विषय निघाला. ताईंना कुणी काढून टाकलं नाही, फक्त त्यांची मुदत संपली तेव्हा ती पुढे वाढवली नाही. महोत्सव, दंडारी, त्यांनी नव्याने सुरू केलेलं ग्रंथालय, खेड्यातल्या मुलींसाठी आखलेलं नाट्यशिबिर, सगळं अर्ध्यावर राहिलं. मी चिडले होते. त्या अकोला सोडून कायमच्या अमरावतीला निघाल्या त्या दिवशी आम्ही दोघी ऑटोतून बसस्टँडवर चाललो होतो. मी म्हणाले, "ताई, तो मनोरा त्या दिवशी पडायला हवा होता. म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद झाली असती."

त्या म्हणाल्या, "पडला असता तं मी बरोबर ठरली असती, शालू. मंग मले बरं वाटलं असतं काय वो?"

मी त्यांची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मले त्याचं दुःख नाही. मले आता दुसरंच भेव लागते. पुढच्या वक्ती असा आवाज आला ना, तं मी आधी लोकायच्या तोंडाकडे पाहीन. हसून राह्यले काय, चिडून राह्यले काय... अन् मंग वर पाहीन. तेवढ्यात काय होईल, सांग?"

ऑटो स्टँडवर पोचला होता. उतरताना त्यांनी माझा हात धरला. तो विंगेतल्यासारखाच गार होता.

अमरावतीत त्या पुन्हा शिकवायला लागल्या. एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी तालमी घ्यायच्या, कोचिंग क्लासमधून सुटलेल्या मुली पाठीवरच्या दप्तरासकट यायच्या. नवीन नाटक बसत होतं. मी दर शनिवारी अकोल्याहून जायची. मग त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशी मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, केस बांधलेले, डोळे मोठे झालेले. मी खुर्ची ओढली आणि आपण सगळे जे म्हणतो तेच म्हणाले, "काही होत नाही, ताई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून जावंसं वाटलं.

"असं म्हणू नको," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी महोत्सवाच्या मांडवात बी सगळे हेच म्हणून राह्यले होते. तुले भेव लागते का नाही, तेवढं सांग."

"लागतं, ताई. खूप लागतं."

"हं. मले बी. बस मंग इथं."

मी बसले. आम्ही दोघी बसून होतो, दोन घाबरलेल्या बाया. खाली रस्त्यावर ऑटोचे हॉर्न वाजत होते. अस्मिता डबा घेऊन आली, तिने आमच्याकडे पाहिलं आणि तीही पलंगाच्या कडेला टेकली. शस्त्रक्रिया नीट झाली. ताई घरी आल्या, दोन घास जेवायला लागल्या, फोनवर तालमीच्या चौकशा करायला लागल्या. आणि एका पहाटे झोपेतच गेल्या... डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला समजलं नाही. विचारावंसंही वाटलं नाही.

त्यांचं अर्धवट बसलेलं नाटक पूर्ण करायचं आणि श्रद्धांजली म्हणून त्याचा प्रयोग करायचा असं मुलींनी ठरवलं. "मावशी, तुम्हीच उभं करा," म्हणाल्या. मी आयुष्यात गाण्यापलीकडे काही केलेलं नाही. पण नाही म्हणता आलं नाही. गेल्या रविवारी संध्याकाळी अमरावतीतल्या एका छोट्या सभागृहात प्रयोग झाला. माणसं इतकी आली की खुर्च्या संपल्या, लोक मधल्या वाटेत सतरंज्यांवर बसले. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. पुढे पोरीबाळी, म्हाताऱ्या बाया, मागे भिंतीला टेकून उभे असलेले लोक. माझ्या लक्षात आलं की आत येण्याचं दार एकच उघडं आहे. बाजूच्या मोठ्या दाराला आतून कुलूप होतं. मी मागच्या बाजूने जाऊन पाहिलं, तर बाहेरून त्या दाराला अगदी चिकटून मोटरसायकलींची रांग.

संयोजकांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, इथं नेहमीच असं असतं. सुरू करा, उशीर झालाय." वाटलं, कशाला तमाशा? एका नाटकापुरता तर प्रश्न आहे. संयोजक, मुली, सगळे माझ्याकडेच बघत होते, आणि मीही त्यांच्या तोंडाकडेच बघत होते...

मी पडद्याबाहेर गेले. म्हणाले, "ते दार उघडल्याशिवाय नाटक सुरू होणार नाही. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी कृपा करून काढाव्यात." किल्ली चौकीदाराकडे, चौकीदार चहाला गेलेला. लोक घड्याळं बघत होते. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "काय लावलं हे!" मी तिथेच उभी राहिले. शेवटी किल्ली आली, गाड्या हलल्या, दार करकरत उघडलं आणि बाहेरची हवा आत आली. मग पडदा उघडला.

प्रयोग छान झाला. मुली रडल्या, लोक उभे राहिले. बाहेर पडताना एक आजोबा काठी टेकत थांबले आणि म्हणाले, "एवढा उशीर काहून केला वो बाई? काही झालं तं नाही."

"नाही झालं," मी म्हणाले.

सामान आवरून ऑटोत बसले तेव्हा चौकीदार बाजूच्या दाराला पुन्हा कुलूप घालत होता. कुणीतरी आपली मोटरसायकल ढकलत आणून त्याच दारापुढे लावली. ऑटो सुरू झाला. फाटकापर्यंत गेला असेल, मी म्हटलं, "दादा, जरा थांबा," आणि मान बाहेर काढून चौकीदाराला विचारलं, "उद्या कोणाचा कार्यक्रम आहे इथे?"

"बालवाडीचं गॅदरिंग आहे, मॅडम. सकाळी."

मी ऑटोतून खाली उतरले.