लिवात्सचं वर्षश्राद्ध

मिलुंका तोशोविचबद्दल बेलग्रेडच्या एका पेपरात 'बास्केटबॉलवेडी भोळी म्हातारी' असं छापून आलं, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. भोळी म्हणे! ज्याने हे लिहिलं त्याला तिच्या धुलाईखोलीत पाच मिनिटं उभं करायला हवं होतं. लिवात्स क्लबच्या टेबलावर मी अठ्ठावीस वर्षं घड्याळ सांभाळलं. त्या सगळ्या वर्षांत मिलुंकाला कोणी गंडवल्याचं मी पाहिलं नाही. तेव्हा मीच सांगतो.

लिवात्स म्हणजे ओतारी. १९४७ साली आमच्या लिपोवोच्या ओतकारखान्यातल्या कामगारांनी मागच्या अंगणात भट्टीची राख पसरून मैदान केलं, पिंपाचं कडं खांबाला ठोकलं आणि खेळायला लागले. पडलं की गुडघ्यात राख शिरायची आणि जन्मभर तिथेच राहायची. डोक्यावर छप्पर यायला बारा वर्षं लागली. आणि १९७९ साली आम्ही समुद्रकाठच्या एका बड्या क्लबला दोन गुणांनी हरवून देशाचा कप घरी आणला. तो देश आता उरला नाही. कप उरला.

गरम पाण्याचा बंब फक्त कारखान्यात होता, म्हणून खेळाडूंच्या जर्स्या कारखान्याच्या धुलाईखोलीत यायच्या. मिलुंका एकोणिसाव्या वर्षी तिथे कामाला लागली आणि पंचेचाळीस वर्षं राहिली. तिचा नवरा विदोये अकरा नंबरची जर्सी घालायचा. बहुतेक वेळ बाकावर बसलेला, पण कपच्या अंतिम सामन्यात चार मिनिटं खेळला. ती चार मिनिटं माझ्या घड्याळाने मोजलीत. पुढे तो फुप्फुसाच्या आजाराने गेला.

मिलुंकाचा एकच नियम होता, जर्सी जमिनीवर टाकायची नाही. एकदा आमच्या कप्तानाने हरल्याच्या तिरमिरीत टाकली. पुढच्या सामन्याला सगळ्यांना इस्त्रीच्या घड्या मिळाल्या आणि त्याला तीच घामट जर्सी.

"मिलुंकाताई, ही धुतलेली नाहीये!"

"जमिनीवर होती. मला वाटलं, फरशी पुसायला काढलीस."

सव्वादोन मीटरचा बाप्या, निमूटपणे तीच घालून खेळला. नव्वदच्या दशकात देशावर निर्बंध आले, साबण मिळेना, तर हिने डुकराची चरबी उकळून घरी साबण केला. पाहुणे खेळाडू नाक मुरडायचे. "वास येतो ना? मग लांब उभे राहा, आमच्या पोरांना बास्केट करू द्या," असं ही बाकामागून ओरडायची.

मग कारखाना बंद पडला आणि २०१६ च्या उन्हाळ्यात क्लब प्रोतिच नावाच्या माणसाच्या हातात गेला. सामना कधी पूर्ण बघितला नसेल त्याने. त्याला फक्त आमची लीगमधली जागा हवी होती. हॉलमध्ये आम्हा जुन्या माणसांना बोलावून त्याने गोड गोड भाषण ठोकलं.

"मावशी, तुमच्या भावना मला कळतात," तो मिलुंकाला म्हणाला. "पण क्लब कुठे मरत नाहीये. मोठा होतोय."

"नाव?"

"नवीन."

"गाव?"

"बेलग्रेड."

"खेळाडू?"

"नवीन घेतोय."

"मग आमचं काय नेतोयस?"

"इतिहास," प्रोतिच हसून म्हणाला. "पोस्टरवर 'स्थापना १९४७' राहणार. कप तर राहणारच. त्या जुन्या जर्स्यांच्या चिंध्या तेवढ्या फेकून द्या."

मला वाटलं, ही आता त्याच्या थोबाडीत मारणार. मारायला हवी होती. पण ती उठून सरळ बाहेर गेली.

दोन दिवसांनी ट्रक आला. त्यांनी लाकडी फरशी उचकटून नेली, बोर्ड नेले, माझं घड्याळसुद्धा नेलं, मेल्यांनी! काचेच्या कपाटात मात्र कप नव्हता. कपाटाची किल्ली पहिल्यापासून मिलुंकाकडे असायची. तीच तो पुसायची ना.

त्याच दुपारी ती मला घेऊन चिर्कोच्या छापखान्यात गेली. आमच्याकडे माणूस गेलं की काळ्या चौकटीचे कागद छापून दारावर, झाडांवर, विजेच्या खांबांवर चिकटवतात, ते चिर्को छापतो.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"लिवात्स."

"मिलुंका, चेष्टा करतेस?"

"चेष्टा छापायला मी तुला पैसे देईन? वय लिही. एकोणसत्तर."

कागदावर राखेच्या मैदानावरचा १९४७ चा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'आमचा लाडका लिवात्स, १९४७–२०१६. शोकाकुल: धुलाईवाली मिलुंका, घड्याळवाला तोझा आणि समस्त लिपोवो.' सबंध गावात तो कागद लागला.

"याने काय होणार?" मी वैतागून विचारलं.

"मेलेल्याची वर्षं जिवंत माणूस आपल्या वयात धरतो का?" ती म्हणाली. "त्याला नवीन पोर झालंय, तर त्याने एकपासून मोजावं. आमच्या मढ्याचं वय लावू देणार नाही मी त्याला."

तिला हवं होतं ते एवढंच. त्या एकोणसत्तर वर्षांना प्रोतिचचा हात लागू नये.

चाळिसाव्या दिवशी मेलेल्याचे कपडे वाटायचे असतात. मिलुंकाने सगळ्या जर्स्या धुऊन, इस्त्री करून वाटल्या. पोस्टमनला चार नंबर, पोलीस हवालदार मिलोराद याला आठ, बाजारात मिरच्या विकणाऱ्या रुझित्साला सात. मग माझ्यापुढे अकरा नंबर आला.

"अगं, ही विदोयेची," मी म्हणालो. "ही ठेव घरी."

"म्हणूनच तू घे. आपलं ते ठेवून बाकीचं वाटलं, तर ते वाटणं खोटं. खोटी क्रिया करायची असती तर प्रोतिच काय वाईट होता?"

मी जर्सी घेतली. तेव्हा पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला रडताना पाहिलं, आणि ती संतापाने रडत होती.

पुढच्या उन्हाळ्यात वर्षश्राद्ध आलं. मागच्या अंगणात, जुन्या राखेच्या मैदानावर टेबल मांडलं होतं. शंभरेक माणसं जमली होती, बरीचशी जर्स्या घालून. आमची पोटं अशी सुटलेली की नंबर ताणून रुंद झालेले. टेबलावर उकडलेल्या गव्हात अक्रोड आणि साखर घालून केलेला मृताचा घास होता. काठापर्यंत पांढरा रुमाल गुंडाळलेलं भांडं, आणि गव्हात खोचलेली जळती मेणबत्ती.

तेवढ्यात प्रोतिचची गाडी आली. बेलग्रेडला सत्तरीचा समारंभ होता, टीव्हीवाले येणार होते आणि दाखवायला कप नव्हता. पण वर्षश्राद्धाला आलेला माणूस आधी घास घेतो, मग तोंड उघडतो. हे आमच्या मुलखात कोणाला शिकवावं लागत नाही, प्रोतिचलाही नाही. मिलुंकाने भांडं दोन्ही हातांनी पुढे धरलं. त्याने एका हाताने भांड्याचा काठ धरला, दुसऱ्याने चमचाभर गहू तोंडात टाकला, छातीवर क्रॉस केला आणि मेलेल्यासाठी म्हणतात ते लहानपणापासूनच्या सवयीने म्हणाला, "देव त्याला क्षमा करो."

शंभर माना त्याच्याकडे वळल्या.

"ऐकलंत?" मिलुंका म्हणाली. "मेला, हे यालाही मान्य आहे."

प्रोतिचचा चेहरा पडला. "मावशी, हे नाटक पुरे. कप कुठाय?"

"आलेल्या प्रत्येकाच्या पुढे केला. आत्ता तुझ्याही."

तिने भांडं टेबलावर ठेवलं आणि रुमालाची गाठ सोडली. चांदीचे दोन कान बाहेर आले, आणि त्यांच्यामध्ये कोरलेलं १९७९. प्रोतिचने झडप घालायला हात पुढे केला.

"साहेब," आठ नंबरची जर्सी घातलेला मिलोराद हवालदार म्हणाला, "मेणबत्ती जळतेय. मेणबत्ती विझेपर्यंत घासाचं भांडं कोणी हलवत नाही."

मेणबत्ती चांगली मनगटाएवढी जाड होती. प्रोतिच दहा मिनिटं घड्याळ बघत उभा राहिला. मेणबत्तीपुढे एकेक माणूस येऊन चमचाभर घास घेत होता आणि 'देव त्याला क्षमा करो' म्हणत होता. मग प्रोतिच गाडीत बसला, दार आपटलं आणि गेला. नंतर त्याच्या वकिलाचा कागद आला. मिलोरादने घरोघर फिरून शोध घेतला आणि कप सापडत नाही असं लिहून दिलं. कप तेव्हा त्याच्याच फडताळात होता. बेलग्रेडच्या पोस्टरवर १९४७ अजून आहे. त्याची चीड मी मरेपर्यंत जाणार नाही.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर मिलुंका अंगणातल्या नळाखाली कप घासत होती. कोरलेल्या अक्षरांत गव्हाचे कण अडकले होते, ते ती नखाने काढत होती.

"हातात होता त्याच्या," मी म्हणालो. "हातात होता, आणि त्याला कळलं नाही!"

"कसं कळणार?" तिने कप उन्हात उपडा ठेवला. "एकदा तरी धुतला असता, तर ओळखला असता."