पडद्यामागचं मशीन

मरोळला मेट्रोत शिरताना बायकांची तपासणी पडद्याआड होते. तिथली युनिफॉर्ममधली मुलगी मला रोज भेटायची. केसांना घट्ट जाळी, तोंडात कायम बडीशेप. तिच्या हातातलं मशीन माझ्या छातीच्या डाव्या बाजूला आलं की केकाटायचं.

पहिल्या दिवशी मी सगळं सांगितलं. कॅन्सरमुळे स्तन काढलाय, त्या जागी कातडीखाली एक पिशवी बसवलीय. डॉक्टर तिच्यात सुईने थोडं थोडं मिठाचं पाणी भरतात, म्हणजे कातडी ताणते आणि पुढे कृत्रिम स्तन बसवता येतो. सुई टोचतात तिथे धातू आहे, तोच वाजतो.

“बरं,” एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा तिथेच. मग रोजच. ते वाजलं की बाहेरच्या बायका पडद्याकडे टवकारून बघायच्या.

एकदा मी भडकलेच. “माहितीये ना तुला? मग रोज मुद्दाम काय वाजवतेस गं?”

तिने मशीन बाजूला घेतलं नाही.

“माझ्या आईचं पण काढलं. परत असं बनवता येतं, हे तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. आई ब्लाउजमध्ये जुन्या ओढणीचा बोळा कोंबते. तिच्या डॉक्टरला जाऊन विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं? तर म्हणतो, त्या वयात काय करायचं होतं तिला?”

“किती वय होतं?”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमच्याएवढीच होती, मॅडम. चला, मागे लाइन लागलीये.”