दिलीपचा काचेचा पेला

दिलीप, माझा धाकटा भाऊ, गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. रडू नंतर आलं, आधी संताप आला... महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

कोपरगावजवळच्या साखर कारखान्यात तो फिटर होता. दोन्ही किडन्या निकामी झाल्या. माझा रक्तगट जुळला नाही, तेव्हा त्याच्या बायकोने, सुनंदाने, आपली एक दिली. पुण्याहून ऑपरेशन करून परतल्यावर पोटावर हात ठेवून तो भेटेल त्याला सांगायचा, "नवी सून आणलीय. पहिल्या दिवसापासून कामाला लागली!"

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध तेलकट, उग्र वासाचं. प्लास्टिकला चिकटतं म्हणून काचेच्या पेल्यात, दुधात ढवळून घ्यायचं. पेला संपला की पुन्हा थोडं दूध घालून तो विसळायचा आणि तेही प्यायचा. थेंब वाया घालवला नाही. तरी तिसऱ्या वर्षी पायांवर सूज आली. सुईने किडनीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "मानेत, काखेत रोगाशी लढणाऱ्या गाठी असतात ना, तशा बारीक गाठी यांच्या शरीराने थेट या किडनीतच बांधल्यात. तिथे बसून ते तिच्याशीच लढतंय. असं का होतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

"म्हंजे सुनेच्या चुलीपाशीच सासरच्यांनी बैठक मारली," सुनंदा म्हणाली. दिलीप खोकला येईपर्यंत हसला.

आमच्या आईचं मात्र एकच पालुपद, "परक्या घरची किडनी. न्हाई मानवली." तेही सुनंदाच्या तोंडावर. मी दिलीपला झापलं, "डॉक्टर काय म्हणाले ते सांग की तिला!"

"जाऊ दे गं ताई. म्हातारीला कशाला..."

त्या "जाऊ दे"चा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. त्याचं काय जात होतं? ऐकून घ्यावं लागत होतं ते सुनंदाला.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर कावळा शिवेना. पाव्हण्यांसमोर आई म्हणाली, "हिनं मनापासून दिली नसंल."

"आई, बास," मी म्हणाले. "तिची किडनी शेवटपर्यंत राबली. तिच्यावर उठलं ते तुझ्या पोराचं शरीर. आपलं रक्त." कावळा नंतर शिवला की नाही, मी पाहिलं नाही.

घरी आल्यावर आई सुनंदाला म्हणाली, "त्यो पेला टाकून दे. डोळ्यापुढं नगं." सुनंदाने त्याच पेल्यात चहा ओतला आणि माझ्याशेजारी बसून प्यायली. मग तळाशी घोटभर पाणी घातलं, पेला विसळला... आणि तेही प्यायली.