उरलंसुरलं, आणि अण्णांचं नाव

मी पुणं सोडलं त्या दुपारी बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीत जीप उभी होती आणि आई माझ्या बॅगेत चटणीची तिसरी पुडी कोंबत होती. "पोचलीस की फोन कर. आणि तिकडच्या थंडीत ओरडून गाऊ नकोस, घसा बसेल," एवढंच ती म्हणाली. माझे वडील, अण्णा, ड्रायव्हरला मुंबईचा रस्ता समजावत होते. त्याला तो पाठ होता. आमचा गिटारवाला शिरीष कोथरूडहून स्कूटरवर आला, पण उतरला नाही.

"ड्रमवाला बंगलोरला, बासवाला जर्मनीत, आता गायिका अमेरिकेत. मी कोथरूडातच आहे. कुणाला काही लागलं तर कळवा."

असा आमचा 'ढेप' हा रॉक बँड संपला.

तुमच्यापैकी काहींनी कॉलेजच्या गॅदरिंगात आम्हाला ऐकलं असेल. नाव 'ढेप', कारण आमचा सराव मार्केट यार्डात, एका गुळाच्या गाळ्यात चालायचा. अण्णा तिथे मापाडी होते, आलेला माल तोलायचे. शेठजींना विचारून त्यांनीच सुट्टीच्या दिवशी गाळा मिळवून दिला होता. गिटारच्या वायरींना मुंग्या लागायच्या. आम्ही परदेशी बँडांची गाणी वाजवायचो. शब्द निम्मे कळायचे, जोर मात्र पुरा लावायचो.

एकदा अण्णा गाळा बंद करायला लवकर आले आणि पोत्यावर बसून ऐकत राहिले.

"आवाज चांगला हाय," ते म्हणाले. "पण पोरांनो, तुम्ही रागावलाय कुणावर?"

 मग त्यांनी स्वतः एक गाणं म्हटलं. तरुणपणी भीमजयंतीला बुद्धविहारापुढे जलसा व्हायचा, त्यात ते गायचे, हे मला ठाऊक होतं. गाणी लिहायचेही आणि हेही त्यांचंच, हे मला त्या दिवशी घरी जाताना कळलं.

पाटी घेऊन हाती पोर माझी निघाली,
वाट सोडा, वाट, तिची वेळ झाली.

शिरीषनं तिथल्या तिथे त्याला गिटार लावली. पुढच्या सुट्टीला आम्ही ते कॅसेटवर घेतलं. दोन कडवी झाली आणि टेप संपली. तिसरं राहूनच गेलं. सॉफ्टवेअर कंपन्या तेव्हा माणसं गोळा करून परदेशी धाडत होत्या, आणि त्या वर्षी मीही निघाले.

मिनियापोलिसमध्ये क्युबिकल, डेडलाइन, मग ग्रीन कार्ड, मुलगी, दारातला बर्फ उपसणं. मी गाते, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं.

एवढ्या वर्षांनी शिरीषचा फोन आला. त्याच्या माळ्यावर आमच्या कॅसेटी सापडल्या होत्या. कुठेच न आलेली आमची गाणी आणि दुसऱ्यांची आम्ही आपल्या ढंगात वाजवलेली, असं सगळं साफ करून तो अल्बम काढणार होता. नाव 'उरलंसुरलं'. त्यानं यादी पाठवली. अण्णांच्या गाण्यापुढे गीतकार म्हणून लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

मी लगेच फोन लावला. "शिरीष, हे पारंपरिक नाही. अण्णांनी लिहिलंय."

तो म्हणाला, "मला वाटलं, लोकगीत असेल. मी कधी विचारलंच नाही."

"विचारायला हवं होतंस."

"हो."

पुण्याच्या माणसानं पुढे काही न जोडता नुसतं 'हो' म्हणावं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. पण दोष माझाही होता. बँडमध्ये असताना ते गाणं अण्णांचं आहे, हे मीही कुणाला ठासून सांगितलं नव्हतं. जलसा म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, आणि तो मला नको होता.

अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "कोण हाय हा पारंपरिक? घरी ये म्हणावं एकदा."

मी रजा टाकून पुण्याला गेले. कोथरूडच्या छोट्या स्टुडिओत ऐंशीचे अण्णा माइकपुढे उभे राहिले. तिसरं कडवं त्यांना तोंडपाठ होतं.

"काका, आपण बसून गा ना," शिरीष म्हणाला.

"उभ्यानं लिहिलंय. उभ्यानंच गातो."

मी सोबत गायला लागले आणि मधेच माझा आवाज चिरकला. अण्णांनी एक ठेका सोडला, माझ्याकडे पाहिलं, आणि मला घेऊन पुढे गेले. आता ऐकताना सांधा स्पष्ट कळतो: दोन कडवी बावीस वर्षांची मी, तिसऱ्यात हा म्हातारा आवाज आणि माझा जाडावलेला. शिरीषनं तो सांधा तसाच ठेवला.

कव्हर छापून आलं. शब्द आणि चाल : किसन रामा कांबळे. अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "रामाचा काना जरा वाकडा पडलाय," म्हणाले, आणि कव्हर घडी करून खिशात घातलं. ते कुणाला परत मिळालं नाही.

इथे अमेरिकेत कुणाकडे जेवताना 'तुम्ही कुठल्या?' असं कुणी विचारलं, की मी वर्षानुवर्षं 'पुणे' म्हणून विषय संपवत असे. समोरचं माणूस पुण्याचंच निघालं, तर 'स्वारगेटच्या पुढे' म्हणायचे आणि ताटाकडे बघायचे. मला घराची ओढ होती, पण त्याचा पूर्ण पत्ता माझ्या तोंडी येत नव्हता. तुमच्यातही असे काही असतील, देशात आणि बाहेरही.

गेल्या महिन्यात मराठी मंडळाच्या जेवणात शेजारच्या काकूंनी विचारलं, "पुण्यात कुठे? आणि आडनाव काय म्हणालात?"

"बिबवेवाडी. कांबळे," मी म्हटलं. आणि त्यांनी विचारायच्या आत पुढचंही सांगून टाकलं, "माझे वडील गाणी लिहितात."